माफ तर केलं, पण आता मर्यादा कशी घालायची?

"माफ केलंस ना, मग पहिल्यासारखं का वागत नाहीस?" हे वाक्य ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या घरात आणि मंडळीत (चर्चमधे) इतक्या वेळा ऐकू येतं की ऐकणाऱ्याला खरंच वाटायला लागतं, आपली माफीच खोटी आहे. मग तो माणूस परत दार उघडतो, परत पैसे देतो, परत तीच बोलणी ऐकून घेतो आणि आतल्या आत इतका कडू होत जातो की शेवटी ना प्रेम उरतं ना माफी. माझं तर ठाम मत आहे की या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते, माफी, समेट आणि विश्वास. त्या तिन्ही सुट्या करून बघितल्या की निम्मं ओझं तिथेच उतरतं, आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबलसुद्धा त्या वेगवेगळ्याच धरतं. प्रत्यक्षात ते कसं करायचं ते जमेल तसं सविस्तर लिहितेय, कारण प्रवचनात "माफ करा" हे ऐकायला मिळतं पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसाचा फोन आला तर काय बोलायचं हे सहसा कुणी सांगत नाही.

आधी या तीन गोष्टी वेगळ्या करा

माफी म्हणजे समोरचा माझं जे देणं लागतो त्याचा हिशोब मी माझ्या हातून सोडणं आणि बदला घ्यायचा हक्क देवाकडे सोपवणं. याला समोरच्याची परवानगी लागत नाही, तो सॉरी म्हणायची वाट बघावी लागत नाही, तो जिवंत असायलाच हवा असंही नाही. येशूने वधस्तंभावरून "बापा, त्यांना क्षमा कर" म्हटलं तेव्हा खाली त्याच्याच कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकणं चालू होतं (लूक 23:34), त्यांच्यापैकी कुणाला पस्तावा झाला म्हणून ती प्रार्थना झालेली नाही.

समेटाला मात्र दोन माणसं लागतात. प्रेषित पौल रोमकरांस 12:18 मधे लिहितो की शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तेवढं, सगळ्यांबरोबर शांतीने राहा. "शक्य असेल तर" आणि "तुमच्याकडून होईल तेवढं", एकाच वाक्यात दोन दोन अटी आहेत. म्हणजे आपल्या बाजूचं सगळं करूनही कधीकधी समेट होत नाही हे पौलाने गृहीतच धरलंय आणि त्याबद्दल तो आपल्याला दोषी धरत नाही.

विश्वास ही तिसरी गोष्ट आणि ती सगळ्यात हळू चालते, कारण ती वागण्यातून परत कमवावी लागते. योहान 2:24 मधे येशूबद्दल स्पष्ट लिहिलंय की लोक त्याच्या नावावर विश्वास ठेवत होते तरी त्याने स्वतःला त्यांच्या हवाली केलं नाही, कारण माणसाच्या मनात काय असतं हे तो ओळखून होता. ज्याने त्याच लोकांसाठी जीव दिला त्यानेही प्रत्येकाला सारखं जवळ घेतलं नाही, मोठा समुदाय होता, त्यात बारा शिष्य होते आणि त्या बारातही पेत्र, याकोब, योहान हे तिघे जास्त जवळचे होते.

इथे बरेच जण विचारतात की लूक 17:3 मधे तर "पश्चात्ताप केला तर क्षमा कर" असं आहे, मग पश्चात्ताप नसेल तर माफ करायचं नाही का? मी त्याच्या शेजारी मार्क 11:25 ठेवून वाचते, तिथे प्रार्थनेला उभे राहता तेव्हा कुणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा असं म्हटलंय आणि तिथे अट घातलेली नाही. मनातली क्षमा देवासमोर लगेच सुरू करायची, आणि नातं पुन्हा जुळवायचं की नाही हे समोरचा बदलतोय का ते बघून ठरवायचं, असं मी त्याच्यातून घेते. आणि लूक 17:3 मधे क्षमेच्या आधी काय सांगितलंय तेही वाचा ना, त्याची चूक त्याला दाखव. म्हणजे गप्प बसून सहन कर असं तिथेही नाहीये.

माफी द्यायची तर आधी देणं किती आहे ते मोजा

"जाऊ दे, काही नाही झालं" म्हणणं म्हणजे माफी नव्हे, कारण काही झालंच नसेल तर माफ काय करणार? मत्तय 18 मधला निर्दय चाकराचा दृष्टांत आपण नेहमी ऐकतो, राजाने त्याचे दहा हजार तालांत सोडले आणि याने मात्र सोबतच्या चाकराचा शंभर दिनारांसाठी गळा धरला. एक दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांताचे साधारण 6000 दिनार व्हायचे, म्हणजे राजाचं कर्ज होतं 6 कोटी दिवसांच्या मजुरीएवढं. देवाने आपल्याला किती सोडलंय हे त्यातून कळतं आणि ते कळायलाच हवं. पण दुसऱ्या आकड्याकडे कुणी बघतच नाही. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, तीन महिन्यांपेक्षा जास्त राबून मिळणारे पैसे. येशूने तो आकडा एक दिनार ठेवला नाही. आपल्याला लोकांनी जे दुखावलंय ते खरंच मोठं असू शकतं हे दृष्टांतातच आहे, त्यामुळे "तुझं दुःख काय मोठंसं, देवाने तुला किती माफ केलंय बघ" असं कुणी म्हटलं तर त्यांनी अर्धाच दृष्टांत वाचलाय असं समजा.

म्हणून एक कागद घ्या, मोबाईलच्या नोट्समधे लिहिलं तरी चालेल पण मला कागद बरा वाटतो कारण नंतर फाडता येतो. त्यावर नेमकं काय झालं ते लिहा, "तो वाईट वागला" असं मोघम नको. "तिने मी विश्वासाने सांगितलेली गोष्ट चार लोकांत बोलून दाखवली", "त्याने माझ्या नावावर कर्ज घेतलं आणि मला सांगितलंच नाही" असं लिहा. मग त्याच्याखाली त्यामुळे तुमचं काय गेलं ते लिहा, झोप, पैसे, इज्जत, लोकांवरचा भरवसा, जे गेलं ते. मग देवासमोर ते मोठ्याने वाचा आणि सांगा की हे सगळं देणं मी तुझ्या हातात देतेय, वसूल करायचं काम माझं नाही. रडू आलं तर येऊ दे, राग आला तर तोही येऊ दे, स्तोत्र 55 मधे दावीद उघड म्हणतो की शत्रूने केलं असतं तर सोसलं असतं, पण हा तर माझा मित्र होता, आम्ही सोबत देवाच्या मंदिरात जायचो. देवाला ही भाषा चालते.

आणि हे एकदा करून संपत नाही. दोन आठवड्यांनी तेच आठवून परत पोटात गोळा येईल तेव्हा "मी माफच केलं नव्हतं" असा निष्कर्ष काढू नका, फक्त तेच देणं परत देवाकडे द्या. किती वेळा क्षमा करायची असं पेत्राने विचारल्यावर येशूने सांगितलेलं सत्तर वेळा सात हे मला तर याच कामासाठी जास्त उपयोगी पडतं, कारण नवीन अपराध दर वेळी होतातच असं नाही पण जुना एकच अपराध सत्तर वेळा आठवतो.

दावीद आणि शौल, हे नीट वाचाच

मर्यादा घालणं अख्रिस्ती आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी 1 शमुवेल 26 वाचायला सांगते, पण आधी 24 पासून सुरू करा. राजा शौलाने आपल्याच पदरी असलेल्या दावीदावर भाला फेकलेला होता, तो त्याच्या जीवावर उठलेला होता. एन-गेदीच्या गुहेत शौल दावीदाच्या हातात सापडतो, दावीद त्याला सोडून देतो, शौल मोठ्याने रडतो आणि म्हणतो तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस. खरे अश्रू होते की नाही देव जाणे. पण थोड्याच काळाने, अध्याय 26 मधे, हाच शौल परत तीन हजार माणसं घेऊन दावीदाला शोधायला निघतो, गुहेच्या वेळी होती तेवढीच माणसं, तोच माणूस.

त्या रात्री छावणी झोपलेली असताना दावीद आणि त्याचा साथीदार अबीशय थेट शौलाच्या उशाशी जातात. भाला तिथेच जमिनीत रोवलेला. अबीशय म्हणतो मी एकाच घावात संपवतो, दावीद नको म्हणतो. हे झालं प्रेम आणि बदला सोडून देणं. मग तो भाला आणि पाण्याचा चंबू घेऊन तो पलीकडे जातो आणि लांब डोंगराच्या माथ्यावर उभा राहतो, दोघांमधे भरपूर अंतर होतं असं तिथे मुद्दाम लिहिलंय. तिथून तो हाक मारतो. शौल म्हणतो मी पाप केलं, माझ्या बाळा परत ये, मी तुझं काही वाईट करणार नाही. आणि दावीद काय करतो बघा, तो भाला परत द्यायला स्वतः जात नाही, म्हणतो एखाद्या तरुणाला पाठव आणि घेऊन जा. शेवटच्या वचनात दावीद आपल्या वाटेने जातो, शौल आपल्या जागी परततो.

यात दावीदाने शौलाला शिव्या दिल्या नाहीत, त्याची वस्तू ठेवून घेतली नाही, त्याच्या पाठीमागे त्याची बदनामी करत फिरला नाही, नंतर शौल मेला तेव्हा त्याच्यासाठी शोकगीतही म्हटलं. पण परत राहायला गेला नाही. "परत ये" या शब्दांवर तो गेला नाही कारण मागच्या वेळच्या अश्रूंनंतर काय झालं ते त्याने बघितलेलं होतं. मला वाटतं मर्यादा म्हणजे नेमकी काय हे यापेक्षा चांगलं कुणी समजावून सांगू शकत नाही.

मर्यादा कुठे घालायची ते कसं ठरवायचं

गलतीकरांस 6 मधे पौल दुसऱ्या वचनात म्हणतो एकमेकांची ओझी वाहा आणि पाचव्या वचनात म्हणतो प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहावा. दोन्ही खरं आहे. माणूस आजारी पडला, नोकरी गेली, कुणी वारलं, तर ते ओझं एकट्याला पेलणारं नसतं, तिथे धावून जायचंच. पण रोजचं काम करणं, स्वतःचा राग आवरणं, स्वतःच्या चुकीचे परिणाम भोगणं, हा ज्याचा त्याचा भार. तुम्ही दुसऱ्याचा भार सतत वाहत राहिलात तर तो कधीच उभा राहायला शिकत नाही. नीतिसूत्रे 19:19 तर सरळ सांगतं की तापट माणसाला त्याचा दंड भोगू दे, एकदा सोडवलंस तर परत परत सोडवावं लागेल.

एखादी गोष्ट करावी की नाही हे कळत नसेल तर स्वतःला विचारा, हे मी कशामुळे करतेय? 2 करिंथकरांस 9:7 मधे देण्याबद्दल लिहिलंय की दुःखी मनाने किंवा भाग पडलं म्हणून देऊ नका. ते वर्गणीच्या संदर्भात आहे पण वेळ, मदत, ऐकून घेणं यांनाही तितकंच लागू पडतं. हो म्हटल्यावर लगेच छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय का, त्या माणसाचं नाव मोबाईलवर दिसलं की पोटात ढवळतंय का, त्याच्यासाठी काही केल्यावर आठवडाभर मनात चिडचिड राहते का, तर तिथे मर्यादा लागणार आहे. कधीकधी प्रेमाखातर नको असलेली गोष्टही करावी लागते हे मान्य, आजारी माणसाची सेवा करताना रोज कुठे उत्साह असतो. पण भीतीने केलेलं आणि प्रेमाने केलेलं यातला फरक आपला आपल्याला कळतो, फक्त खरं उत्तर द्यायला हवं.

मर्यादा ही दुसऱ्याने काय करावं याचा नियम नसते, मी काय करणार याचा निर्णय असतो, आणि घोळ बहुतेक इथेच होतो. "तू माझ्यावर ओरडायचं नाही" हे तुमच्या हातात नाहीये. "तू ओरडायला लागलास की मी फोन ठेवेन, आणि शांत झालास की परत बोलू" हे पूर्ण तुमच्या हातात आहे. जे तुमच्या हातात आहे तेवढंच बोला आणि जे बोललात ते करा.

बोलायचं कसं

समजा भाऊ आहे, दर काही महिन्यांनी पैसे मागतो, परत करत नाही, आणि नाही म्हटलं की "तू तर चर्चला जाणारी, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" असं ऐकवतो. भेटून बोलायला जमत नसेल तर मेसेज करा, काही वाईट नाही त्यात. असा काहीतरी:

"दादा, तुझी अडचण खरी आहे हे मला कळतंय आणि तुझ्यासाठी मी रोज प्रार्थना करते. पण यापुढे मी उसने पैसे देणार नाही. आधीचे पैसे मी सोडून दिलेत, ते परत मागणार नाही. नोकरी शोधायला, अर्ज लिहायला, कर्जाचा हिशोब बसून लावायला मी नक्की मदत करेन, रविवारी दुपारी वेळ आहे."

या मेसेजकडे नीट बघा. जुनं देणं सोडलंय आणि ते शब्दात सांगितलंय, म्हणजे माफी. यापुढचा नकार स्पष्ट आहे, "बघू", "सध्या जरा अवघड आहे" असं अर्धवट नाही, येशूने मत्तय 5:37 मधे सांगितल्याप्रमाणे हो तर हो नाही तर नाही. आणि त्याच्या खऱ्या गरजेला हात पुढे केलाय पण तुमच्या अटीवर. यात तुमचा पगार किती, खर्च किती, नवरा काय म्हणाला, असली एकही सफाई नाही. सफाई दिली की समोरचा त्या कारणावर वाद घालतो, "मग पुढच्या महिन्यात दे" म्हणतो. कारण जितकं कमी तितकं बरं.

यावर तो परत मेसेज करेल, मग आईकडून फोन करवेल, मग रडेल, मग चिडेल. इथे नहेम्याकडून शिका. तो यरुशलेमेचा कोट बांधत होता तेव्हा ते काम थांबवू पाहणाऱ्या सनबल्लट आणि त्याच्या साथीदारांनी निरोप पाठवला, ये, ओनोच्या मैदानात भेटू. त्याने उत्तर दिलं मी मोठं काम करतोय, मला खाली येता येत नाही. त्यांनी चार वेळा तोच निरोप पाठवला आणि त्याने चारही वेळा तेच उत्तर दिलं (नहेम्या 6:3-4). प्रत्येक वेळी नवीन कारण शोधलं नाही, आवाज चढवला नाही. तुम्हीही तेच वाक्य परत पाठवा, "दादा मी आधी सांगितलं तेच, उसने देणार नाही, रविवारची मदत मात्र आहे." कंटाळवाणं वाटेल, पण दर वेळी नवीन शब्द शोधत बसण्यापेक्षा याने डोकं शांत राहतं.

आई-वडील, सासू-सासरे यांच्याशी बोलताना आवाज आणि शब्द अजून जपून वापरा, "आई, तुमचं म्हणणं मी ऐकलं, पण आमच्या मुलांच्या बाबतीत हे आम्ही दोघं ठरवणार" इतकंच. आई-बापाचा मान राखा ही आज्ञा आहेच, पण मान राखणं म्हणजे मोठेपणीही प्रत्येक गोष्टीत त्यांच्या मर्जीने चालणं नाही. येशूची आई आणि भाऊ त्याला बोलवायला आले तेव्हा तो हातातलं शिकवणं सोडून लगेच उठून गेला नाही (मार्क 3:31-35), आणि तरी वधस्तंभावर असताना आईची सोय लावूनच त्याने प्राण सोडला. मान, प्रेम आणि स्वतःच्या कामावर ठाम राहणं हे तिन्ही एकाच माणसात होतं.

वचनं दाखवून गप्प बसवलं तर

हे फार होतं आणि याचा मला खरंच राग येतो, कारण दुखावलेल्या माणसाला देवाच्या शब्दाने अजून दुखावणं याच्यासारखं वाईट काही नाही.

"दुसरा गाल पुढे कर", हे सगळ्यात जास्त. मत्तय 5:39 मधे उजव्या गालावर मारण्याबद्दल आहे. समोरासमोर उभा असलेला माणूस उजव्या हाताने उजव्या गालावर मारतो तेव्हा तो हाताच्या पाठीने मारतो, म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की इथे विषय अपमानाचा आहे, अपमानाला अपमानाने उत्तर देऊ नका. आणि स्वतः येशूला प्रमुख याजकासमोर एका शिपायाने चापट मारली तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, मी चुकीचं बोललो असेन तर सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर का मारतोस (योहान 18:22-23). त्याने उलटून मारलं नाही पण गप्पही राहिला नाही.

"प्रीती अपकाराचा हिशोब ठेवत नाही", 1 करिंथकरांस 13:5. बरोबर आहे, पण पुढच्याच वचनात प्रीती सत्याबरोबर आनंद मानते असंही आहे. काय घडलं ते लक्षात ठेवणं म्हणजे वसुलीची वही ठेवणं नव्हे.

"आधी जाऊन भावाशी समेट कर, मग वेदीवर अर्पण दे." मत्तय 5:23 परत वाचा, तिथे तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं म्हटलंय, म्हणजे ज्याने दुखावलंय त्याने उठून जायचंय. दुखावल्या गेलेल्या बाईला हे वचन दाखवून पुन्हा त्याच माणसाकडे पाठवणं म्हणजे वचन उलटं धरणं.

आणि लोक हेही विसरतात की "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" ही आज्ञा जिथून आली त्या लेवीय 19:18 च्या आधीच्याच वचनात, 17 मधे, सांगितलंय की मनात भावाचा द्वेष करू नको, त्याला त्याची चूक स्पष्ट सांग. मनात द्वेष साठवून वरून गोड बोलणं हा प्रेमाचा प्रकार तिथे नाहीच.

मारहाण, धमक्या, लैंगिक अत्याचार असेल तर

इथे वरचं सगळं हळूहळू बोलणं, मेसेज, रविवारची मदत, बाजूला ठेवा. आधी सुरक्षित ठिकाणी जा, मुलं असतील तर त्यांना घेऊन जा. निघायच्या आधी मारणाऱ्याला सांगत बसू नका, कारण बरेचदा तीच वेळ सगळ्यात धोक्याची असते. कागदपत्रं, औषधं, थोडे पैसे, एका भरवशाच्या माणसाला आधी कल्पना, एवढं शांतपणे तयार ठेवा. पोलिसांकडे जाणं म्हणजे क्षमा न करणं नाही, रोमकरांस 13 मधे अधिकाऱ्यांना वाईट करणाऱ्याला शिक्षा करण्यासाठी नेमलेले देवाचे सेवक म्हटलंय, आणि पौलाने स्वतः फटके मारायच्या आधी आपलं रोमी नागरिकत्व सांगितलं, कैसराकडे दाद मागितली, आणि दिमिष्क (दमास्कस) शहरात जीवावर बेतलं तेव्हा रात्री टोपलीतून भिंतीबाहेर उतरून पळून गेला. त्याच्या विश्वासावर त्यामुळे कुणी शंका घेत नाही.

मत्तय 18:15 मधे एकांतात जाऊन चूक सांग असं आहे म्हणून मार खाणाऱ्या बायकोने एकटीने नवऱ्याशी जाऊन बोलावं असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, भले तो पाळक (चर्चचा पास्टर) असो. त्याच उताऱ्यात पुढे साक्षीदार आणि मग पूर्ण मंडळी आहे, ते प्रकरण झाकून ठेवण्यासाठी लिहिलेलं नाही. आणि अत्याचार मुलावर झाला असेल तर मंडळीतल्या मीटिंगची वाट न बघता थेट पोलीस आणि डॉक्टर. मंडळीचं नाव खराब होईल ही काळजी त्या मुलाच्या समोर शून्य आहे.

माफी इथेही होऊ शकते, पण ती सुरक्षित झाल्यावर, स्वतःच्या वेगाने, आणि शक्यतो चांगल्या काउन्सेलरच्या सोबतीने. तिची घाई कुणी करू नये.

खरंच बदललाय की नुसतं सॉरी म्हणतोय

पश्चात्ताप ओळखायला वेळ लागतो. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय बघा, त्याने येशूला गोड शब्द ऐकवले नाहीत, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत असं आकड्यात सांगितलं. खरं बदललेला माणूस काय चुकलं ते नाव घेऊन सांगतो, "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असं नाही म्हणत. नुकसान भरून द्यायला तयार असतो. तुमच्या मर्यादेवर चिडत नाही, आणि ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ज्याला खरंच पस्तावा झालाय त्याला तुम्ही अजून घाबरलेले आहात हे कळतं आणि तो थांबायला तयार असतो. "मी सॉरी म्हटलं ना, आता अजून काय पाहिजे" असं आलं की समजा अजून वेळ आहे.

भावांनी गुलाम म्हणून विकलेल्या योसेफाने पुढे ते समोर आले तेव्हा त्यांना लगेच ओळख दिली नाही हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उत्पत्ति 42 मधे तो त्यांच्यापासून बाजूला जाऊन रडला, म्हणजे प्रेम होतंच, तरी परत येऊन अनोळखी राहिला. धाकट्या बन्यामीनाच्या पोत्यात आपला प्याला ठेवून, चोरीचा आळ येईल असं करून त्याने अशी वेळ आणली की भावांना धाकट्याला गुलामीत सोडून घरी जाता आलं असतं, जसं त्यांनी कधीकाळी योसेफाचं केलं होतं. तेव्हा यहूदा, ज्याने योसेफाला विकायची कल्पना मांडली होती तोच, पुढे येऊन म्हणतो याच्याऐवजी मला गुलाम ठेवा. ते ऐकल्यावर योसेफाला राहवलं नाही आणि त्याने सगळं उघड केलं. परीक्षा घ्या असं मी म्हणत नाहीये, पण तशीच परिस्थिती परत आली की माणूस वेगळा वागतो का, हे बघण्याइतका वेळ घ्यायचा हक्क तुम्हाला आहे.

मर्यादेचा बदला होऊ देऊ नका

ही दुसरी बाजूही सांगायलाच हवी, कारण बाउंड्री हा शब्द हल्ली कुणाशी पटलं नाही की त्याला ब्लॉक करायलाही वापरला जातो. महिना महिना अबोला धरून समोरच्याला झुरायला लावणं ही मर्यादा नव्हे, ती शिक्षा आहे. त्याच्याबद्दल इतरांना सांगून आपल्या बाजूचे लोक गोळा करणं हेही नाही. स्वतःला विचारायचा प्रश्न साधा आहे, हे मी माझं काहीतरी जपायला करतेय की त्याला दुखावायला? आणि रोज एक ओळ का होईना त्याच्यासाठी प्रार्थना करा, सुरुवातीला तोंडातून शब्द निघणार नाहीत, "प्रभू, तू बघ त्याच्याकडे" इतकंच म्हटलं तरी चालतं.

2 तीमथ्य 4 मधे पौल याचं फार सुंदर उदाहरण ठेवतो. 14 आणि 15 व्या वचनात म्हणतो आलेक्सांद्र तांबटाने माझं फार वाईट केलं, प्रभू त्याची फेड करेल, तूही त्याच्यापासून सांभाळून राहा. लगेच 16 मधे म्हणतो बाकी सगळे मला सोडून गेले, ते त्यांच्या हिशोबी धरलं न जावो. जे घाबरून पळाले त्यांना पूर्ण सूट, जो मुद्दाम घात करतो त्याच्याबद्दल तीमथ्याला स्पष्ट इशारा, आणि बदला दोघांचाही नाही. सगळ्यांना एकाच मापाने मर्यादा घालायची गरज नाही.

मंडळीतल्या कामाबद्दल थोडक्यात. संडे स्कूल, गायन, भेटी, सगळीकडे तुमचंच नाव येत असेल आणि घरी आल्यावर बोलायचीही ताकद उरत नसेल तर "या वर्षी मी फक्त एकच जबाबदारी घेईन" असं पाळकांना सांगा. मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, हेच सांगितलं होतं, तू एकटा हे करत राहिलास तर झिजून जाशील, आणि लोकही झिजतील. मार्क 1 मधे सगळे तुला शोधताहेत असं शिष्य सांगायला आले तेव्हा येशू पहाटेची प्रार्थना करत होता आणि तिथून तो दुसऱ्या गावांकडे निघाला, त्या शोधणाऱ्या गर्दीकडे परत गेला नाही.

आणि घातलेली मर्यादा कायमची असलीच पाहिजे असं नाही. प्रवासात मधेच सोडून गेलेल्या मार्काला परत सोबत घ्यायला पौलाने नकार दिला, त्यावरून त्याचा सोबती बर्णबा याच्याशी एवढा वाद झाला की दोघे वेगळे झाले, पण पुढे त्याच 2 तीमथ्य 4 मधे, 11 व्या वचनात, पौल लिहितो मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. त्यामुळे तीन-चार महिन्यांनी एकदा बसून बघा की आता काय सैल करता येईल. आधी फक्त मेसेज होते तर आता दहा मिनिटांचा फोन, तो दोन-तीन वेळा नीट गेला तर बाहेर कुठेतरी इतर लोक असताना भेट, मग घरी. एका पायरीवर परत जुनं वागणं दिसलं तर भांडण न करता मागच्या पायरीवर या आणि का आलात ते एका वाक्यात सांगा. जिथे जीवाला धोका होता तिथे ही शिडी चढायची गरजच नाही, तिथे लांबूनच प्रार्थना करा.